पहाडी घरांची ऊब

इसवी सन १८६४ मध्ये गव्हर्नर-जनरल सर जॉन लॉरेन्स यांनी हिंदुस्थान सरकारचे उन्हाळी ठाणे म्हणून सिमल्याची निवड केली आणि तेव्हापासून दर उन्हाळ्याच्या तोंडाशी कलकत्त्याचे सरकारी दप्तर हजार मैलांहून अधिक वाट चालून हिमालयाच्या खांद्यावर चढू लागले. या खटाटोपाची कारणे इतिहासकार अनेक सांगतात. पंजाबची व सरहद्दीची जवळीक हे त्यांतील एक. परंतु साध्या माणसाला चटकन पटावे असे कारण एकच आहे. मैदानी मुलखातील घर उन्हाळ्यात थंड ठेवण्याची खात्रीची युक्ती त्या काळी कोणापाशीही नव्हती. वाळ्याचे पडदे होते, छताला टांगलेला झालरीचा पंखा होता आणि त्या पंख्याची दोरी रात्रभर ओढणारा एक पेंगुळलेला माणूस होता. यंत्राने खोलीतील हवा थंड व कोरडी करण्याची विद्या विलिस कॅरिअर या अमेरिकन अभियंत्याने ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी सिद्ध केली ती १९०२ मध्ये. तोवर गारवा घरी आणणे शक्य नव्हते. म्हणून सरकार स्वतःच गारव्याच्या घरी जाऊन बसले.

श्रोते हो, तेथे जाऊन बसल्यावर पहिल्याच संध्याकाळी दुसरा प्रश्न उभा राहिला. सिमला समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे. मैदानात लू वाहत असते तेव्हाही तेथे सूर्य मावळला की अंगावर काहीतरी घ्यावेसे वाटते, आणि हिवाळ्यात तर छपरावर बर्फ साचते. उकाड्यापासून सुटका झाली, आता थंडीपासून सुटका करून घेणे आले. ही सुटका पहाडातील लोकांनी आपल्यापुरती कशी केली होती, बाहेरून आलेल्यांनी ती कशी केली आणि मुख्य म्हणजे ती प्रत्यक्ष कोणाच्या हातून झाली, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. घर म्हणजे भिंती आणि छप्पर अशी आपली सपाटीवरची कल्पना असते. पहाडात घराची ऊब ही रोज कोणीतरी निर्माण करावयाची, पाठीवरून वाहून आणावयाची आणि बिघडली तर दुरुस्त करावयाची वस्तू असते. ती दुरुस्त करणारा कारागीर गावातच किंवा पलीकडच्या गावात असेल तर घर नांदते. तो नाहीसा झाला की उत्तम बांधलेले घरही दोनचार हिवाळ्यांत राहण्याजोगे उरत नाही.

सिमल्यातील पहिले पक्के घर लेफ्टनंट केनेडी यांनी १८२२ मध्ये बांधले. त्यांच्यामागून आलेल्या साहेबलोकांनी आपल्याबरोबर विलायतेतील घराचा नकाशा आणला आणि त्या नकाशात प्रत्येक मोठ्या खोलीच्या भिंतीत एक उघडी चूल, म्हणजे ‘फायरप्लेस’, होतीच. ही चूल दिसावयास देखणी खरी. पण तिच्यातील बहुतेक उष्णता धुराड्यावाटे आकाशात जाते. इतकेच नव्हे, तर धुराडे खोलीतील उबदार हवा ओढून घेते आणि तिच्या जागी दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरची थंड हवा आत शिरते. चुलीपुढे बसणाऱ्याचे गुडघे भाजतात व पाठ गारठते, ती यामुळे. काउंट रम्फर्ड यांनी १७९६ मध्येच या दोषावर एक निबंध लिहून चुलीच्या बाजू तिरप्या कराव्या आणि धुराड्याचा गळा अरुंद ठेवावा असे सुचविले होते. त्यांच्या सूचनेने चूल सुधारली, तरी तिची भूक काही गेली नाही.

ही भूक भागविणारी माणसे होती ती आसपासच्या पहाडी संस्थानांतील. बानाच्या, म्हणजे पहाडी ओकच्या, लाकडाचा कोळसा आणि देवदाराच्या ढलप्या पाठीवर लादून ती वर चढत. या माणसांचा इतिहास सिमल्याच्या सचित्र पुस्तकांत फारसा सापडत नाही. साहेबांच्या दौऱ्यात ओझी वाहणे आणि मुक्कामावर लाकूडफाटा पुरविणे हे त्या भागात बेगारीचे काम मानले जाई; दाम नाममात्र किंवा मुळीच नाही, आणि नकार देण्याची सोय नाही. कोटगढला स्थायिक झालेल्या सॅम्युएल स्टोक्स यांनी १९२०-२१ मध्ये या बेगारीविरुद्ध चळवळ चालविली आणि तिला यश आले. पुढे हेच गृहस्थ सत्यानंद झाले. सफरचंदांच्या बागांमुळे त्यांचे नाव हिमाचलात घरोघर ठाऊक आहे; पण बेगार मोडण्याचे त्यांचे कार्य मला सफरचंदांहून मोठे वाटते.

या बंगल्यांपासून काही कोसांवर असलेल्या खेड्यांतील घरे मात्र निराळ्याच तत्त्वावर उभी होती. सिमल्याच्या वरच्या अंगास आणि कुलूकडे जी बांधणी आढळते तिला ‘काठ-कुणी’ म्हणतात. काठ म्हणजे लाकूड आणि कुणी म्हणजे कोपरा. देवदाराच्या लांब तुळयांची जोडी आडवी ठेवावयाची, तिच्यावर घडीव दगडांचा थर रचावयाचा, पुन्हा तुळया, पुन्हा दगड. कोपऱ्यात तुळया एकमेकींवर बसवून खुंट्यांनी सांधावयाच्या. चुना नाही, माती नाही, खिळाही जवळजवळ नाही. भिंतीच्या दोन पदरांमधील पोकळी दगडाच्या कपच्यांनी भरतात. हा सारा जाडजूड पसारा दिवसा ऊन पितो आणि रात्री हळूहळू ते परत देतो. तळमजल्यावर गुरे बांधतात, त्यांच्या अंगची ऊब वर येते. मधल्या मजल्यावर धान्य. आणि सर्वांत वर माणसे, तीही ठेंगण्या छताच्या व बोटभर झरोक्यांच्या खोलीत. वरच्या मजल्याभोवती बाहेर झुकलेला लाकडी सज्जा असतो. हिवाळ्यात माणसे तेथे उन्हाला बसतात आणि उन्हाळ्यात त्याचीच सावली खालच्या भिंतीवर पडते. उबेचा आणि गारव्याचा असा एकत्र विचार विलायती बंगल्यात मला आढळला नाही. शिवाय अशा भिंतीला भूकंपात डुलण्याची मुभा असते. ४ एप्रिल १९०५ च्या कांगड्याच्या भूकंपात सुमारे वीस हजार माणसे दगावली. परंतु याच पद्धतीने बांधलेला कुलू खोऱ्यातील नग्गरचा गढीवजा वाडा उभा राहिला.

ही घरे बांधणाऱ्या कारागिरांना तिकडे ‘थावी’ म्हणतात. सुतार आणि गवंडी हे दोन्ही धंदे त्यांच्या एकाच हातात. त्यांच्या विद्येचा कच्चा माल होता देवदार, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यावर एक नवा गिऱ्हाईक येऊन पडला. तो म्हणजे आगगाडी. रुळांखाली घालावयाच्या स्लीपरांसाठी पहाडच्या पहाड तोडले गेले. नंतर १८७८ च्या कायद्याने जंगले राखीव झाली, आणि पूर्वी जे झाड गावकरी गरजेपुरते आपणहून आणीत ते अर्जविनंत्या करून मिळवावे लागू लागले. जंगल राखणे आवश्यक होते यात शंका नाही. पण तोडले कोणी आणि राखणीचा भार पडला कोणावर, हेही इतिहासात नोंदले गेले पाहिजे. देवदार महाग झाला, तसे थाव्यांना काम कमी मिळू लागले. आणि काम नसलेल्या कारागिराचा मुलगा कारागीर होत नाही.

आता काश्मीरकडे वळू. तेथील लोकांनी थंडीचे जणू पंचांगच मांडले आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास ‘चिल्ला-ए-कलां’ लागतो, तो चाळीस दिवसांचा. त्याच्यामागून वीस दिवसांचा ‘चिल्ला-ए-खुर्द’ आणि शेवटी दहा दिवसांचा ‘चिल्ला-ए-बच्चा’. या सत्तर दिवसांत काश्मिरी माणसाचा सोबती म्हणजे कांगडी: आत मातीचे भांडे, त्याभोवती वेताप्रमाणे लवणाऱ्या काड्यांचे विणकाम, भांड्यात निखारे, आणि हे सारे फेरनच्या आत पोटाशी धरलेले. खोली तापविण्याऐवजी माणूस तापवावा, आणि तो जाईल तेथे त्याची शेगडी जावी, असा हा विचार आहे. इंधनही परसातले: चिनाराची गळलेली पाने पेटवून, पाणी शिंपडून त्यांचा कोळसा करतात, आणि शरद ऋतूत घरोघरच्या बायका याच उद्योगात असतात.

कांगडी मोगलांबरोबर आली, किंवा मोगल दरबारी असलेल्या इटालियनांकडून काश्मिरी लोक ती शिकले, असा एक तर्क युरोपियन लेखकांनी केला आहे. कारण इटलीतही असेच हातात धरावयाचे निखाऱ्याचे भांडे वापरीत. मला हा तर्क तितकासा पटत नाही. अमरकोशात निखारे ठेवण्याच्या पात्रासाठी अंगारधानिका, अंगारशकटी, हसंती, हसनी असे चार शब्द एका ठिकाणी दिलेले आहेत. ज्या वस्तूला कोशकाराजवळ चार नावे आहेत ती वस्तू दूरदेशाहून येण्याची वाट लोक पाहत बसले असतील असे वाटत नाही. आपली मराठी ‘शेगडी’ही या अंगारशकटीतील ‘शकटी’चीच नात होय, असे व्युत्पत्तीचे अभ्यासक मानतात. म्हणजे पुण्याच्या स्वयंपाकघरातील शेगडी आणि श्रीनगरच्या फेरनमधील कांगडी यांचे पूर्वज संस्कृतात एकाच ओळीत बसले होते.

कांगडीचे गुण गाताना तिचा दोष झाकणे बरे नव्हे. मांड्यांच्या व पोटाच्या कातडीला वर्षानुवर्षे धग लागून तेथे एक विशिष्ट कर्करोग होतो. श्रीनगरला काम करणारे डॉ. एल्मस्ली यांनी १८६६ मध्ये त्याचे वर्णन केले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. अर्नेस्ट नेव्ह यांनी त्याचा कांगडीशी असलेला संबंध पुष्कळ रोग्यांच्या आधाराने मांडला. वैद्यकाच्या ग्रंथांत त्याला कांगडी-कर्करोग असेच नाव आहे. तरीही कांगडी गेली नाही. ती स्वस्त होती, विणणारा आणि मडके घडविणारा जवळ होता, आणि मडके फुटले तर ते बदलून मिळे. च्रार-ए-शरीफ आणि बांदीपूर येथील कांगड्या विशेष नावाजलेल्या. नव्या साधनाने तिची जागा घ्यावयाची तर त्यालाही इतके सहज दुरुस्त होता आले पाहिजे. पत्र्याची बुखारी, विजेची शेगडी आणि गॅसचा हीटर हे सारे नंतर आले. यांपैकी गॅसच्या हीटरने, आणि बंद खोलीत रात्रभर ठेवलेल्या निखाऱ्यानेही, दर हिवाळ्यात झोपेतच माणसे दगावतात. अपुऱ्या ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साईड वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो; त्याला रंग नाही, वास नाही, म्हणून तो कळत नाही. जुन्या घरांतील झिरपती खिडकी ऊब घालवी खरी, पण जीव वाचवी. नवे घर घट्ट बांधून शेगडी मात्र जुनीच ठेवली की हा धोका वाढतो. आज हे भाषण ऐकणाऱ्यांपैकी कोणी पठाणकोटला, डेहराडूनला वा उधमपूरला बदलीवर असतील, त्यांनी एवढे अवश्य ध्यानात ठेवावे: जळती शेगडी असलेल्या खोलीचे एक झडप उघडेच असू द्यावे.

काश्मीरची दुसरी देणगी म्हणजे हमाम. नाव स्नानगृहाचे असले तरी ही मुळात तापलेली खोली आहे. जमिनीत पोकळी ठेवून तिच्यावर जाड घडीव दगडी लाद्या बसवितात. बाहेरच्या बाजूने त्या पोकळीत लाकडे पेटवितात. धूर फरशीखालून फिरून धुराड्याने जातो. जाता जाता फरशी तापते आणि वर ठेवलेल्या तांब्याच्या टाकीतील पाणीही. सकाळी घातलेल्या लाकडांवर फरशी पुढे कितीतरी तास कोमट राहते. धूर खोलीत येतच नाही, ही यातील खुबी. रोमन लोकांच्या स्नानगृहांत हीच रचना होती. काश्मिरात ती मोगल अमदानीत रुजली. आधी मशिदींत व बड्यांच्या हवेल्यांत असलेला हमाम अलीकडे सामान्य सुखवस्तू घरांतही बांधून घेतात, कारण ऐन थंडीत वीज जाते तेव्हा हमाम जात नाही. लाद्यांचे सांधे नीट बसले नाहीत तर धूर वर येतो, दगड चुकीचा निवडला तर तो तडकतो. हमाम बांधणे म्हणूनच ज्याच्या त्याच्या हातचे काम नाही. त्याचे गवंडी वेगळे.

उन्हाळ्याचीही सोय त्याच घरात असे. काश्मिरी कुटुंब हिवाळ्यात जाड भिंतींच्या खालच्या मजल्यावर राही आणि उन्हाळ्यात सर्वांत वरच्या हवेशीर मजल्यावर चढे. नदीवर झुकलेला जाळीदार सज्जा, त्याला ‘झून डब’ म्हणजे चांदण्याची बैठक असे सुंदर नाव आहे, तो खास उन्हाळ्याच्या रात्रींसाठी. सरकार कलकत्त्याहून सिमल्यास जात असे; काश्मिरी कुटुंब जिना चढून जाई.

आपल्या सह्याद्रीची स्थिती वेगळी. सर जॉन माल्कम यांच्या नावाने १८२८-२९ च्या सुमारास वसलेल्या महाबळेश्वरच्या मालकम पेठेत बंगल्यांना चुली आहेत. पण तेथे शत्रू थंडी नव्हे, ओल. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस जांभ्या दगडात मुरतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी भिंतींना बाहेरून गवताचे जाड आच्छादन बांधण्याची रीत पडली. ते गवत कापणारी आणि बांधणारी माणसे स्थानिक होती, हे सांगावयास नको.

स्वातंत्र्योत्तर काळात पहाडात रस्ते गेले, शाळा गेल्या, कचेऱ्या गेल्या. हे सारे व्हावयासच हवे होते. त्यांच्याबरोबर सपाटीवरचा आदर्श नकाशाही गेला. मी स्वतः शासकीय सेवेत असल्याने नकाशा एकदा मंजूर झाला की तो सर्वत्र वापरण्याचा मोह कसा होतो हे मला ठाऊक आहे. सुमारे तीन हजार मीटर उंचीवरील एका कर्मचारी वसाहतीत मी पातळ सिमेंटच्या भिंती, सपाट स्लॅब आणि उत्तरेकडे तोंड केलेल्या मोठाल्या खिडक्या पाहिल्या. रहिवाशांनी त्या खिडक्या गोणपाटांनी बुजविल्या होत्या. दक्षिणेची बाजू, जिकडून दिवसभर ऊन येते, तिकडे न्हाणीघर व जिना होता. त्याच गावातील जुन्या घरात एक वृद्ध बाई जेमतेम दोन ओंजळी शेण्या जाळून तेवढीच ऊब मिळवीत होत्या. कारण विचारता असे समजले की दरसूचीत सिमेंटच्या भिंतीला दर आहे, दगड-मातीच्या जाड भिंतीला नाही. ज्या कामाला दरसूचीत ओळ नाही ते काम करणारा माणूस निविदा भरू शकत नाही. मग त्याचा मुलगा खाली शहरात जातो.

लडाखची गोष्ट यासाठीच सांगण्याजोगी आहे. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर. वर्षाचा पाऊस जेमतेम शंभर मिलिमीटर. झाडे नदीकाठी तेवढी. तेथे लाकूड जाळणे म्हणजे तुळई जाळणे. म्हणून जळण गाई-याकांच्या शेण्यांचे आणि ‘बुर्त्से’ नावाच्या रानझुडपाचे, आणि त्यासाठी ‘थाप’ ही सजविलेली चूल. घराच्या सपाट छपराच्या कडेने चारा, शेण्या आणि वाळक्या फांद्या रचून ठेवतात. तो हिवाळ्याचा साठाही असतो आणि छपराची गोधडीही. घरातील सारे जण थंडीत एकाच खोलीत येतात: चुलीच्या खोलीत. जळणाची ही ओढाताण असली तरी एक गोष्ट लडाखात मुबलक आहे, ती म्हणजे ऊन. वर्षातील बहुतेक दिवस आकाश निरभ्र असते, अगदी उणे वीस अंशांच्या रात्रीनंतरची सकाळही.

उन्हाने घर तापविण्याची कल्पना नवी नव्हे. जपानात अध्यापन करून आलेले अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मोर्स यांनी १८८१ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. ते पाऊणशे वर्षांहून अधिक काळ कागदावरच राहिले. १९६७ मध्ये फेलिक्स ट्रॉम्ब आणि वास्तुशिल्पी जाक मिशेल यांनी फ्रान्समधील पिरेनीज पर्वतात ओदेयो येथे अशी घरे बांधून दाखविली, आणि भिंतीला ट्रॉम्ब यांचे नाव मिळाले. रचना सोपी आहे. दक्षिणेकडील जाड भिंत बाहेरून काळी करावी. तिच्यापुढे वीतभर अंतर सोडून काच बसवावी. भिंतीला खाली व वर झरोके ठेवावे. मधली हवा तापून वरच्या झरोक्याने खोलीत येते आणि खोलीतील थंड हवा खालून तिची जागा घेते. भिंतीत मुरलेले ऊन रात्री आत उतरते. मात्र संध्याकाळी झरोके बंद केले नाहीत तर हवा उलटी वाहून खोली थंड होते, आणि उन्हाळ्यात काचेवर पडदा टाकला नाही तर तीच खोली भट्टी होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून लडाखात अशा भिंती बांधल्या जाऊ लागल्या. मातीची जाड भिंत तेथील गवंड्याला नवी नव्हती. त्याने शिकावयाचे ते काच आणि झरोका एवढेच. ही रुजवण सोपी झाली ती बरीचशी याच कारणाने.

अडचणी संपल्या असे नव्हे. ६ ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीत लेहमध्ये मातीची घरे वाहून गेली, आणि लोकांची ओढ सिमेंटकडे वाढली. जेथे पाऊस पडतच नसे तेथे तो पडू लागला, तर मातीच्या छपराची राखण करणाऱ्यालाही नवे काही शिकावे लागणार. अशा वेळी फे गावाजवळच्या एका परिसराची आठवण होते. लडाखी तरुणांनी १९८८ मध्ये स्थापन केलेल्या ‘सेकमोल’ या संस्थेने तो १९९० च्या दशकात मातीच्या ठोकलेल्या भिंतींनी बांधला. सर्व इमारतींची तोंडे दक्षिणेकडे, आणि हिवाळ्यात त्यांच्यापुढे पारदर्शक प्लास्टिकचा ताणलेला कापडवजा पडदा, ज्याच्या आत भाजीही पिकते. या परिसराची रोजची कामे विद्यार्थीच वाटून घेत आले आहेत. ऊन कडक झाले की तो पडदा गुंडाळून वर बांधतात, म्हणजे खोल्या तापत नाहीत. आणि सुगी आटोपून रात्री गोठू लागल्या की खाली सोडून कडेला दगड-माती लावून पक्का करतात.